शत्रूच्या शहरात एक पिठ्ठू

गोष्ट सांगताना 'मित्रांनो' म्हणण्याची रीत आहे, म्हणून म्हणतो. नाहीतर मित्र हा शब्द मी सहजासहजी वापरत नाही. माझे सगळे आयुष्य दुसऱ्यांच्या पाठीवर गेले. पाठीवर बसणाऱ्याला माणसाचे तोंड दिसत नाही. त्याला कळतो तो कणा, घाम आणि श्वास. दिसते ते सगळे मागचे. आणि मागून पाहणारी माणसे फार प्रेमाने पाहतात, असा माझा अनुभव नाही.

मी पिठ्ठू आहे, आणि आता बराच जुना आहे. तुमच्या शाळेच्या सॅकचा सैन्यातला थोरला भाऊ समजा. जाड शेवाळी कापड, आतून रबराचा पातळ थर, खांद्याचे दोन रुंद पट्टे, बाजूला दोन खिसे आणि पाठीकडच्या शिवणीत लपलेला एक चपटा खिसा. तो ज्याला माहीत नाही त्याला सापडत नाही. उत्तरेतल्या एका कारखान्यात एका बाईने मला यंत्रावर शिवले. शिवताना ती शेजारणीशी कडाकडा भांडत होती. माझी डावी शिवण उजवीपेक्षा जास्त घट्ट आहे, ती त्यामुळेच असावी असा माझा अंदाज आहे.

मला ज्याने पहिल्यांदा पाठीवर घेतले तो हंबीरराव. कोरेगाव तालुक्यातल्या एका उसाच्या गावचा जवान. त्याने मला हातात घेतले, उलटेसुलटे केले आणि पांढऱ्या रंगाने माझ्या झाकणावर आपला सैन्यातला नंबर काढला. आता तुम्ही म्हणाल, यात काय विशेष? विशेष असे की हंबीररावाला नंबर काढायचे वेडच होते. सुट्टीवर घरी आला की तो बादलीवर नंबर काढायचा, ट्रंकेवर काढायचा, धान्याच्या कणगीवर काढायचा. खंडेनवमीला गावात लोक विळे-कोयते पुजतात. हंबीरराव त्या दिवशी रंगाचा डबा काढून घरातल्या सगळ्या वस्तूंवरचे नंबर पुन्हा गिरवायचा. थरावर थर चढत गेला. माझ्या झाकणावरचे आकडे शेवटी असे फुगून वर आले की आंधळ्यानेही बोटांनी वाचावेत.

लडाखात आम्ही एका उंच चौकीवर होतो. समोरच्या डोंगरावर चिन्यांची चौकी होती. ते दुर्बिणीतून आमच्याकडे पाहायचे, आम्ही त्यांच्याकडे. एकमेकांची भाषा कुणालाच येत नव्हती. द्वेष करायला ती लागतही नाही.

हंबीररावाचा जोडीदार होता शिराळ्याचा गुंडा. तो भलता थट्टेखोर. दुर्बीण डोळ्याला लावून म्हणायचा, "हंब्या, समुरचा गडी च्या पितोय बघ. फुकून फुकून पितोय, तुज्यावानी."

"पिऊ दे. तोंड भाजू दे त्येचं," हंबीरराव म्हणायचा.

एका हिवाळ्यात गुंडाला खोकला झाला. मग त्याच्या छातीतून पाणी उकळावे तसा आवाज येऊ लागला. विरळ हवेत फुप्फुसात पाणी भरते, तसे त्याचे झाले होते. त्याला लगेच खाली नेणे हा त्यावर खरा उपाय, पण ढग एवढे उतरले होते की हेलिकॉप्टर येऊ शकले नाही. गुंडा गेला. समोरच्या चौकीतून एक गोळीही सुटली नव्हती. तरी हंबीररावाने त्या दिवशी समोरच्या डोंगराला अशा शिव्या दिल्या, की माझ्या कापडाला त्यातला शब्द न् शब्द अजून पाठ आहे. त्याचा राग मी माझाच समजलो. दुसरे काही समजायला मला कुणी शिकवले नव्हते.

हंबीरराव निवृत्त झाला आणि माझे हाल सुरू झाले. पाठीवरून मी खाली आलो तो थेट विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत. माझ्या पोटात नट आवळायचे पाने, तारांची भेंडोळी आणि तेलकट चिंध्या कोंबल्या गेल्या. उंदरांनी माझा एक खिसा कुरतडला. खंडेनवमीला तेवढा हंबीरराव यायचा, आकडे गिरवायचा आणि पुन्हा अंधारात टाकून जायचा. वर्षातून एकदा नाव घ्यायचे आणि बाकी वर्षभर विचारायचे नाही, यालाही माणसे आदर म्हणतात.

हंबीररावाची मुलगी क्रांती साताऱ्याच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकली. तिथल्या वसतिगृहात तिची खोलीतली जोडीदारीण होती चंदना, सांगलीजवळच्या एका जैन हळद व्यापाऱ्याची मुलगी. दोघींनी शिकवण्या घेऊन थोडे पैसे साठवले आणि ठरवले की परीक्षा संपली की चीन पाहायचा. चोंगचिंग नावाचे एक शहर आहे. ते डोंगरावर इतके वेडेवाकडे चढले आहे की एका इमारतीत तळमजल्यावरून शिरायचे आणि दहा-बारा मजले चढून गेले की समोर पुन्हा रस्ताच. क्रांतीला ते डोळ्यांनी पाहायचे होते. विमानाचे तिकीट कोलकात्याहून सर्वात स्वस्त होते, पुढे चीनमध्ये साध्या रेल्वेत बसून जायचे, आणि राहायचे मिळेल त्या खाटेवर.

घरात ही गोष्ट निघाली तेव्हा अंगणातला आवाज मला मोटारीच्या खोलीपर्यंत ऐकू आला.

"चीन?" हंबीरराव म्हणाला. "दुनियेत दुसरा मुलूख न्हाई व्हय गं तुला?"

"आण्णा, मी शहर बघायला चाललीया. लडाई करायला न्हाई."

"ह्यांच्यामुळं गुंडा गेला."

"गुंडाकाका विरळ हवेनं गेलं. फुप्फुसात पानी झालं हुतं. गोळी कुटं लागली हुती?"

"आन त्या विरळ हवंत आमाला कुनी बसवलं हुतं? तुज्या पुस्तकात हाय का ते?"

क्रांती मागे हटली नाही. ती हंबीररावाचीच मुलगी. शेवटी तो म्हणाला, "जा. पन तिकडं पाऊल टाकलंस तर हितं टाकायचं न्हाई."

नवी मोठी सॅक क्रांतीला परवडत नव्हती. तिची आई शालूबाई तिला घेऊन मोटारीच्या खोलीत आली. "ह्यो घे. कुजतोय नुस्ता हितं."

"आण्णांला इचारू?"

"इचार, म्हंजी अजून एक भांडान."

दोघींनी मला साबणाच्या पाण्यात बुडवून काथ्याने घासले. आकड्यांकडे दोघींनीही पाहिले नाही. मित्रांनो, ही चूक लक्षात ठेवा, कारण पुढचे सगळे तिच्यातून झाले. जो नंबर लहानपणापासून बादलीवर, कणगीवर आणि म्हशीच्या धारेच्या चरवीवर पाहिला, तो डोळ्यांना दिसेनासाच होतो. शत्रूच्या देशात आपण फौजेचा पिठ्ठू घेऊन चाललो आहोत, हे त्या घरात कुणाच्याही मनात आले नाही. त्यांच्या लेखी मी एक भांडेच होतो.

कोलकात्याच्या विमानतळावर बंदोबस्तावरच्या जवानाने माझे झाकण पाहिले आणि क्रांतीला हसून विचारले, "फौजी की बेटी?" ती हो म्हणाली. त्याने मला अदबीने पट्ट्यावर ठेवले. त्यामुळे दोघी आणखीच निर्धास्त झाल्या.

तेवढ्यात शालूबाईचा फोन आला. हंबीररावाला मोटारीच्या खोलीतली रिकामी खुंटी दिसली होती.

"लय तापल्यात," शालूबाई म्हणाली. "म्हनत्यात, पिठ्ठूबिगर आली तर दार उघडायचं न्हाई."

"आन पिठ्ठू घिऊन आले तर?"

शालूबाई म्हणाली, "त्येचं काय बोललं न्हाईत."

क्रांतीने फोन ठेवला आणि माझे दोन्ही पट्टे आवळून धरले. तिला कळले होते की बापाने दार पूर्ण लावलेले नाही. एक फट ठेवली आहे, आणि ती फट म्हणजे मी.

मित्रांनो, चोंगचिंग मला आवडले नाही. तुम्हाला छान छान प्रवासवर्णन हवे असेल तर दुसरीकडे जा. मे महिना होता आणि हवा ओल्या घोंगडीसारखी अंगावर पडलेली. शहरभर पायऱ्याच पायऱ्या. क्रांती चढू लागली की तिचा कणा पुढे झुकायचा आणि माझे ओझे तिला मागे ओढायचे. तिने मला चुकीचे भरले होते. जड डबे तळाला आणि बाहेरच्या बाजूला, कपडे पाठीशी. भौतिकशास्त्र शिकलेल्या मुलीने वजनाचा मध्य कण्यापासून इतका लांब ठेवावा! चढताना मी तिला मुद्दामच जास्त ओढले, असे तुम्ही म्हणालात तरी मी रागावणार नाही.

स्वस्त लॉज शोधताना पहिलाच नकार मिळाला. काउंटरवरच्या बाईने पासपोर्ट पाहिले आणि माशी हाकलावी तसा हात हलवला. परदेशी पाहुणे ती ठेवत नव्हती. दुसऱ्या लॉजमध्ये तेच. तिसऱ्या ठिकाणी तर माणसाने आम्हाला पाहूनच दार लोटले. एका गल्लीत खांद्यावर बांबू घेऊन सामान वाहणारा हमाल माझ्यावर आदळला आणि वर त्यानेच क्रांतीला झापले. खायच्या गाडीवर बाईने आमच्या नोटा परत ढकलल्या. तिथे सगळे फोनवरून पैसे देतात, आणि दोघींचे फोन त्यांच्या यंत्रापुढे नुसतेच गोल गोल फिरत राहायचे.

चंदनाला तसेही त्या गाडीवरचे काही चालणार नव्हते. ती कांदा-लसूण खात नाही, कंदमुळे खात नाही आणि सूर्य मावळल्यावर काहीच खात नाही. तिच्या आईने, गुणमालाकाकूंनी, माझ्या पोटात बिनलसणाचे भडंग, दशम्या, शेंगांची चटणी आणि मेथीचे लाडू ठासून भरले होते. त्या खाण्यावरच दोघी जगत होत्या.

"चंदे, घड्याळात साडेसात वाजले. तुझी वेळ टळली," क्रांती पहिल्या संध्याकाळी म्हणाली होती.

"घड्याळाचं मला काय सांगतीस? एवढ्या मोठ्या देशात सगळीकडं एकच घड्याळ लावलंय ह्यांनी. सूर्य काय ह्यांचं ऐकतोय होय? ते बघ, अजून वर आहे. काढ भडंग."

क्रांतीला हे फार आवडले. तिने लगेच हिशेब मांडला की राजधानी पेइचिंगच्या घड्याळाने इथला सूर्य किती उशिरा मावळायला हवा. मग दोघी रोज आकाश बघून जेवू लागल्या. राहायला शेवटी नदीकडच्या उतारावर एका म्हाताऱ्याच्या घरात दोन खाटा मिळाल्या. त्याने पासपोर्ट पाहिले, तोंड वाकडे केले आणि किल्ली टेबलावर टाकली. हातात दिली नाही.

त्या शहरात भुयारी रेल्वेच्या प्रत्येक स्थानकावर सामान यंत्रातून जाते. रोज मी त्या काळ्या पट्ट्यावर पालथा पडायचो. चीनमध्ये उतरताच पावसाच्या भीतीने क्रांतीने माझ्या झाकणावर प्लास्टिकचा कागद गुंडाळला होता, म्हणून कुणाला काही दिसले नाही. पण पायऱ्यांवर घासून तो कागद फाटला आणि एके दिवशी क्रांतीने तो वैतागून काढून टाकला.

त्याच संध्याकाळी एका उंचावरच्या स्थानकात मी यंत्रातून बाहेर आलो तो सरळ, झाकण वर. बंदोबस्तावरच्या मुलीची नजर आकड्यांवर खिळली. तिने एका बोटाने ते चाचपले. मग दुसऱ्याला बोलावले. त्याने तिसऱ्याला. थोड्या वेळात आम्ही तिघे एका लहानशा खोलीत होतो. एक टेबल, चार खुर्च्या आणि पश्चिमेकडे एक खिडकी. टेबलापलीकडे एक पोलीस अधिकारी बसला होता. केस पिकू लागलेले, मान ताठ. तो आपल्या भाषेत बोलायचा आणि त्याचा फोन ते सपाट आवाजात हिंदीत सांगायचा. मी तुम्हाला मराठीत सांगतो.

"ही सैन्याची वस्तू आहे."

"माझ्या वडिलांची आहे," क्रांती म्हणाली. "ते निवृत्त आहेत."

"हे आकडे?"

"त्यांचा नंबर."

"कुठे होते ते?"

चंदनाने टेबलाखालून क्रांतीला लाथ मारली. राजस्थान म्हण, केरळ म्हण, काहीही म्हण, असा त्या लाथेचा अर्थ होता. क्रांतीने खिडकीकडे पाहिले, मग त्या माणसाकडे.

"लडाखात," ती म्हणाली. "तुमच्यासमोर."

फोनने ते सांगितले. खोलीतली हवा आवळल्यासारखी झाली. दारातल्या दोन शिपायांनी पाय बदलले. अधिकारी उठला. त्याने मला पुढे ओढले आणि एकेक वस्तू बाहेर काढू लागला. कपडे. डबे. चटणीची बरणी त्याने हुंगली आणि त्याला तीन-चार शिंका आल्या. कुणीही हसले नाही. मग त्याचा हात माझ्या पाठीकडच्या शिवणीवरून फिरला आणि सरळ त्या चपट्या खिशात गेला. क्रांतीला तो खिसा ठाऊकसुद्धा नव्हता. खिशात काही नव्हते. पण मी दचकलो. ह्या माणसाने माझ्यासारखे ओझे पाठीवर वाहिले होते. कुठे, ते मला विचारू नका. मला अंदाज होता आणि त्या अंदाजाने माझे कापड पेटले. फुकून फुकून चहा पिणारे ते लांबचे तोंड मला आठवले. ह्याचे तोंड मी इतक्या जवळून पाहत होतो आणि काही करू शकत नव्हतो.

"दोघी जाऊ शकता," फोन म्हणाला. "पिशवी इथे राहील. जाळून नष्ट करण्यात येईल. बाहेर दुकानात नवीन मिळते. स्वस्त."

चंदना उठलीच. "चल क्रांते. सुटलो."

क्रांती बसून राहिली. "ही सोडून मी येणार नाही."

"वेडी झालीस काय? लक्तर आहे ते! तुझ्या घरी मोटारीच्या खोलीत पडलेलं असतं म्हणून तूच सांगितलीस न्हवं?"

"पिठ्ठूशिवाय घरी घेणार न्हाईत मला."

"मग आमच्या घरी ये रहायला! माझ्या आईला चालतंय. पण आत्ता ऊठ. हे आत टाकतील आपल्याला. परत व्हिसासुद्धा मिळायचा नाही जन्मात." मग ती खिडकीकडे बघून ओरडली, "आणि सूर्य चाललाय बघ! तुझ्या बापाच्या आकड्यांपायी मी उद्यापर्यंत उपाशी मरू?"

धुरकट आकाशात सूर्याचा पिवळट ठिपका इमारतींच्या कडेला टेकत आला होता. चंदनाने कुणालाही न विचारता टेबलावरचा भडंगाचा डबा ओढला, झाकण उघडले आणि खायला लागली. चौकशीच्या त्या खोलीत तिच्या खाण्याचा कुरकुर आवाज घुमू लागला. शिपाई तिच्याकडे पाहत राहिले. अधिकाऱ्यानेही पाहिले. ती त्याच्याकडे रागाने बघत बघतच खात होती. त्याने तिला थांबवले नाही.

"एका जुन्या पिशवीसाठी?" त्याने क्रांतीला विचारले.

"मला घरी परत जायचं आहे," क्रांती म्हणाली. "ही नसेल तर माझे वडील दार उघडणार नाहीत. मी तुमच्या देशात आले म्हणून आधीच रागावलेत."

फोनचे बोलणे संपल्यावर त्या माणसाने माझ्या झाकणावरच्या आकड्यांवर बोट ठेवले. मग म्हणाला, "आकडे जातील. मग पिशवी जाईल."

क्रांतीने आपल्याकडचे काळे पेन काढून आकडे खरडायला सुरुवात केली. पण इतक्या खंडेनवम्यांचे थर पेनाने काय झाकणार? काळ्यात आकडे उलट जास्तच उठून दिसू लागले. ते नुसते रंगवलेले नव्हते, ते कापडावर वळासारखे वाढलेले होते. अधिकाऱ्याने खणातून पाते काढून टेबलावर ठेवले.

"मी कापते," क्रांती म्हणाली.

तिने माझ्या झाकणात पाते खुपसले. पाते आडवे सरकले. मित्रांनो, मी उंदीर सोसले, बर्फ सोसला. पण घरच्या मुलीच्या हातून असे फाटणे मला सोसवले नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी आकड्यांवर पडले. अधिकाऱ्याने तिच्या हातातून पाते काढून घेतले. त्याने शिवण शोधली आणि शिवणीच्या कडेने, एका दमात, सरळ चौकोन कापला. तो तुकडा त्याने पाकिटात घालून खणात टाकला.

मग त्याने मला परत भरले. जड डबे वर आणि पाठीशी. कपडे खाली आणि बाहेर. चंदनाच्या मांडीवरचा डबा तेवढा त्याने तसाच राहू दिला. मग माझ्या पट्ट्यांची लोंबणारी टोके घेतली, टोकापासून घट्ट गुंडाळत बकलापर्यंत आणली आणि खोचून टाकली. चढावर टोके पायात येऊ नयेत म्हणून सैनिक तसे करतात.

क्रांतीने त्याच्याकडे टक लावून पाहिले. "तुम्ही सैन्यात होता?"

फोनने विचारले. त्याने दाराकडे बोट केले. "जा," फोन म्हणाला. "पुन्हा ह्या स्थानकात येऊ नका."

बाहेर चंदना आणि क्रांती पायऱ्या चढू लागल्या. मग चंदना म्हणाली, "भडंग अर्धंच खाल्लं मी. भूक आहे अजून." आणि सूर्य तर गेला होता. त्या रात्री ती उपाशीच झोपली, आणि क्रांतीही मुद्दाम जेवली नाही. पण पायऱ्या चढताना माझे वजन तिच्या कण्याला पहिल्यांदाच बरोबर बसले होते. ते शत्रूने बसवले होते, याची मला चीड आली.

परत आलो त्या सकाळी हंबीरराव अंगणात म्हशीला वैरण टाकत होता. क्रांती दारापासून चार हात लांब थांबली. शालूबाई पदर सावरत बाहेर आली.

"आवं, पोर आलीया."

"दिसतंय मला," तो म्हणाला आणि वैरणच टाकत राहिला.

"पिठ्ठू आनलाय, आण्णा," क्रांती म्हणाली.

त्याने हात झटकले, जवळ आला आणि तिच्या खांद्यावरून मला काढून घेतले. झाकण वर केले. त्याचा हात आकड्यांच्या जागी गेला आणि आरपार गेला.

"लंबर?"

"त्यांनी कापून घेतला. पोलिसांनी."

"आन तू कापू दिलास."

"टाकून दे म्हनत हुता त्यो. जाळनार हुते. टाकला असता तर लगेच सोडलं असतं आमाला." क्रांतीचा आवाज चढला. "लडाखात हुते माझे वडील, असं त्येच्या तोंडावर सांगितलं मी. आन पिठ्ठू घिऊन आले. आता नसल घरात घ्यायचं तर नका घेऊ. चंदनाच्या आईनं बोलावलंया मला."

शालूबाईने डोळे मिटून घेतले. हंबीररावाने मला ओट्यावर ठेवले, कापलेली कड नखाने चाचपली. सरळ, शिवणीलगत, एकही धागा न उसवता कापलेली कड.

"ही तू कापली न्हाईस."

"ती वाकडी कड माझी. बाकी त्येनं."

मग त्याला पट्ट्यांची टोके दिसली. घट्ट गुंडाळलेली, खोचलेली. परतीच्या सगळ्या प्रवासात ती सुटली नव्हती. हंबीरराव त्यांच्याकडे पाहत राहिला. त्याचा श्वास मला ओळखीचा आहे. चौकीवर दुर्बिणीतून बघताना तो असाच अडकायचा.

"केवढा हुता ह्यो मानूस?"

"तुमच्याएवढा असंल."

"काय म्हनला?"

"जा म्हनला."

हंबीररावाने एक टोक पकडले आणि झटक्यात सगळी गुंडाळी उलगडली. मग दुसरी. दोन्ही टोके लोंबू लागली. खाली मान घालून त्याने ती पुन्हा गुंडाळायला घेतली, आपल्या पद्धतीने, आतून बाहेर. बोटे आता जाड झाली होती, दोनदा टोक निसटले. तिसऱ्यांदा बसले. त्याने खोचले, ओढून पाहिले आणि मान वर न करता म्हणाला,

"दारात काय उभी ऱ्हायलीयास? आईला च्या टाकायला सांग. आन त्या जैनाच्या पोरीला फोन कर. उपाशी ठेवलीस म्हनं तिला."

ते त्याला कुणी सांगितले होते, कोण जाणे. शालूबाई घाईघाईने आत गेली.

आता मी ओट्यावरच्या खुंटीला असतो. झाकणाचे भोक तसेच आहे. शालूबाई ठिगळ लावायला निघाली होती, हंबीररावाने लावू दिले नाही. बाप-लेकीची भांडणे थांबलेली नाहीत. काल रात्रीच दोघे त्या डोंगरावर कोण आधी आले यावरून तावातावाने बोलत होते. माझाही राग गेलेला नाही. त्या शहराला, त्या खोलीला आणि माझे आकडे खणात टाकणाऱ्या त्या माणसाला मी मित्र म्हणणार नाही.

पण तुम्हाला म्हणालो आहे, तेव्हा एवढे ऐका. दुसऱ्याची जुनी वस्तू न्यायची असेल तर त्याला विचारून न्या, आणि नेण्यापूर्वी तिच्यावर काय लिहिले आहे ते एकदा नीट वाचा. ओली वस्तू कोंडून ठेवू नका. तिच्या पोटात तेलकट चिंध्या कोंबून तिचा मान राखल्याचे सोंग करू नका. ज्याने मला जाळायची धमकी दिली, त्या वैऱ्यानेही मला परत देताना माझे पट्टे नीट गुंडाळून दिले होते. तुम्ही तर घरचे आहात.